जठराचा कर्करोग : लक्षणे आणि चिन्हे

जठराच्या आतल्या अस्तरात सुरू होणारा कर्करोग. बोलीभाषेत ‘पोटाचा कॅन्सर’. सुरुवातीला तो एकतर काहीच जाणवू देत नाही किंवा चक्क पित्ताचे सोंग घेतो. जेवणानंतरचा जडपणा, करपट ढेकर, मळमळ, जळजळ या तक्रारी घरोघरी असतात आणि बहुतेकदा त्यांमागे कर्करोग नसतो. म्हणूनच तो असतो तेव्हाही औषधाच्या दुकानातून गोळी आणून महिने काढले जातात. त्यातून ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी कर्करोगाच्या व्रणालाही काही काळ आराम पडू शकतो.

गाठ जठरात कुठे आहे, यावर लक्षणे बदलतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी असेल तर आधी भाकरीचा, मग मऊ भाताचाही घास अडकतो. आतड्याकडच्या टोकाला असेल तर वाट अडते आणि उलटीतून आदल्या दिवशीचे न पचलेले अन्न पडते. लिनायटिस प्लास्टिका या प्रकारात स्पष्ट गाठ दिसत नाही, जठराची भिंतच जाड आणि ताठ होते. जठर ताणलेच जात नसल्याने चार घासांत पोट भरते. अन्नावरची वासना उडणे आणि प्रयत्न न करता वजन घटणे याही दुर्लक्ष करू नयेत अशा गोष्टी.

रक्तस्राव बहुधा संथ असतो. रक्त दिसत नाही, पण हिमोग्लोबिन उतरते, जिना चढताना धाप लागते. प्रौढ पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता आढळली, तर नुसत्या टॉनिकवर भागवू नये. रक्तस्राव जास्त असल्यास शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होते. (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, पण तशी चिकट नाही.)

रुग्ण सांगतो ते लक्षण, डॉक्टरांना तपासताना सापडते ते चिन्ह. डाव्या गळपट्टीच्या हाडामागे लागणारी टणक गाठ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जाते. बेंबीतल्या गाठीला सिस्टर मेरी जोसेफ यांचे नाव आहे. अमेरिकेतील रोचेस्टर येथे विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत मदत करणाऱ्या या जोगिणीच्या ती नजरेस आली होती. जलोदर आणि बीजाशयात पसरलेली क्रुकेनबर्ग गाठ हीदेखील अशीच. वैद्यकाच्या परीक्षांत या चिन्हांना मोठा मान असला, तरी ती दिसेपर्यंत रोग बहुधा जठराबाहेर गेलेला असतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा जुना संसर्ग हे प्रमुख कारण. तंबाखू, खारवलेले अन्न आणि आई-वडील किंवा भावंडांना हा रोग असणे यांनीही धोका वाढतो. भारतात मिझोराममध्ये त्याचे प्रमाण ठळकपणे जास्त आहे.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी केली जाते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्याच कर्करोगाची चाळणी होते. त्यामुळे इथे निदान रुग्णाच्या तक्रारीपासूनच सुरू होते आणि दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत जाते. व्रण दिसला तर त्याच्या कडेचे अनेक तुकडे तपासणीला पाठवतात. ते निर्दोष निघाले, तरी औषधोपचारानंतर व्रण खरोखर भरला का, हे पुन्हा दुर्बीण घालून पाहण्याची पद्धत आहे.