'पॉझिटिव्ह' शब्दामागची ७८ वर्षं

सरकारी नोकरांच्या मेडिकल बिलांच्या फायली माझ्या टेबलावरून पुढे जातात. बिल तपासणाऱ्याने आकडे जुळवायचे, शिक्के बघायचे आणि फाईल पुढे सरकवायची. रिपोर्ट वाचणं हे काही आमचं काम नव्हे. पण एकदा एक बाई स्वतःच फाईल घेऊन आल्या. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. रिपोर्टावरच्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे पॉझिटिव्ह लिहिलंय म्हणजे वाईटच ना हो?"

ओळ होती 'ई. आर. पॉझिटिव्ह'. मी कला शाखेचा पदवीधर, मला काय कळणार? "डॉक्टरांनाच विचारा" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कोविडपासून तर 'पॉझिटिव्ह' शब्दाची आपण धास्तीच घेतली आहे. मग वाचायला बसलो, आणि हाती लागली ती एक मोठी रंजक गोष्ट. तीच आज सांगतो.

सुरुवात होते स्कॉटलंडमध्ये, आणि तीही गोठ्यातून! जॉर्ज बीटसन नावाचा तरुण डॉक्टर आपल्या प्रबंधासाठी दूध कसं तयार होतं याचा अभ्यास करत होता. त्याच्या कानावर आलं की काही देशांतले शेतकरी गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढून टाकतात, म्हणजे ती दूध देतच राहते. बीटसन चक्रावला. अंडाशय कुठे, आचळ कुठे! दोघांना जोडणारी शीर नाही, मज्जातंतू नाही, तरी एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालतो कसा? आणि निरोग्या स्तनावर चालत असेल, तर रोगग्रस्त स्तनावर चालणार नाही कशावरून?

जून १८९५ मध्ये त्याने ग्लासगोत ३३ वर्षांच्या एका बाईचे अंडाशय काढले. दोन मुलांची आई. छातीवरचा कर्करोग ऑपरेशननंतर पुन्हा उलटला होता आणि हाती काही उपाय उरला नव्हता. पुढच्या काही महिन्यांत गाठी विरत गेल्या. ती बाई आणखी काही वर्षं जगली. १८९६ मध्ये बीटसनने हे सगळं 'लॅन्सेट'मध्ये छापलं. गंमत अशी, की 'हॉर्मोन' हा शब्दच १९०५ सालचा. म्हणजे नाव नसलेल्या गोष्टीवर त्याने उपचार करून दाखवला होता.

मग इतर सर्जननीही तेच सुरू केलं. पण लवकरच लक्षात आलं की गुण साधारण तीनातल्या एकीला येतो. उरलेल्या दोघींचं पोट उघडलं, अंडाशय गेले, पाळी अकाली गेली, आणि रोग जिथल्या तिथे. ही तीनातली एक कोण, ते आधी ओळखायचं कसं? कुणालाच सांगता येईना. १९५० च्या दशकात शिकागोचे चार्ल्स हगिन्स त्याही पुढे गेले. त्यांनी मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीसुद्धा काढून पाहिल्या, कारण तिथूनही हॉर्मोनचा पुरवठा होतो. तरी प्रश्न तोच. उपाय हाती होता, पण तो कुणासाठी हे ठाऊक नव्हतं. बीटसनपासून पुढची कित्येक दशकं बायकांनी या अज्ञानाची किंमत आपल्या शरीराने मोजली, हे विसरता कामा नये.

उत्तराचं टोक सापडलं ते त्याच शिकागोत, एल्वुड जेन्सन या रसायनशास्त्रज्ञाला. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी की इस्ट्रोजेन हे स्त्री हॉर्मोन पेशीत शिरून स्वतःच रासायनिक क्रियेत भाग घेतं, आणि त्या क्रियेत ते बदलतं. जेन्सन आणि त्याचा सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावली, उंदरांच्या माद्यांना टोचलं आणि ते कुठे जातं याचा माग काढला. रक्तातून ते सगळीकडे फिरलं, पण रेंगाळलं फक्त गर्भाशयासारख्या मोजक्या अवयवांत. आणि तिथेही जसं गेलं तसंच राहिलं, बदललं नाही. याचा अर्थ त्या पेशींत त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. ते निघालं एक प्रथिन. त्यालाच इस्ट्रोजेन रिसेप्टर म्हणतात, रिपोर्टातलं 'ई. आर.' ते हेच. १९५८ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत जेन्सनने हे मांडलं तेव्हा ऐकायला जेमतेम पाचजण होते म्हणतात!

हे प्रथिन करतं काय? कुलपाची उपमा सगळेच देतात, पण मला कचेरीची उपमा जवळची वाटते. रिसेप्टर हा पेशीतला अधिकारी. इस्ट्रोजेनचा कागद हाती पडेपर्यंत तो स्वस्थ बसलेला. कागद आला की तो आपल्यासारख्याच दुसऱ्याशी जोडी जमवतो, जोडी डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसते आणि 'वाढा, दुप्पट व्हा' असा आदेश निघतो. ज्या गाठीत असे अधिकारी भरपूर, ती इस्ट्रोजेनवर पोसलेली. तिचा कागद अडवला की वाढ अडते. ज्या गाठीत अधिकारीच नाही, तिथे कागद आला काय अन् न आला काय, सारखंच. ती गाठ दुसऱ्याच कुणाच्या हुकुमाने वाढते. तीनातल्या एकीचं कोडं ते हेच.

१९७४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. गाठीत रिसेप्टर असलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना हॉर्मोन रोखण्याच्या उपचाराने गुण आला होता. नसलेल्यांपैकी दहातल्या एकीलाही नाही. बीटसनच्या १८९६ च्या लेखानंतर ७८ वर्षांनी प्रश्नाला उत्तर मिळालं. पुढच्याच वर्षी कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅक्ग्वायर यांनी आणखी एक खुबी दाखवली. अधिकारी नुसता खुर्चीत आहे की खरोखर काम करतो, हे कसं ओळखाल? त्याच्या आदेशाने तयार होणारी वस्तू बघा. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर ही तशी वस्तू. म्हणूनच रिपोर्टात ई. आर.च्या खाली 'पी. आर.' असतं. दोन्ही असले तर गुण येण्याची शक्यता आणखी वाढते.

आता औषधाकडे वळू. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आय. सी. आय. कंपनीत डोरा रिचर्डसन या बाईंनी एक रसायन बनवलं. हवी होती गर्भनिरोधक गोळी. उंदरांवर ती चालली, पण बायकांमध्ये उलट बीज सुटायला मदत करू लागली! कंपनीचा रस संपला. आर्थर वॉलपोल यांच्यासारख्या मोजक्यांनी ते रसायन मरू दिलं नाही. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये डॉ. मेरी कोल यांनी ते बळावलेल्या कर्करोगाच्या ४६ रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. १० जणींना गुण आला. आकडा छोटा वाटतो, पण तेव्हा रिसेप्टर तपासून औषध द्यायची रीतच नव्हती. हेच टॅमॉक्सिफेन. १९७३ मध्ये ब्रिटनने आणि १९७७ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. ते अधिकाऱ्याच्या हातात जाऊन बसतं, मग खरा कागद घ्यायला हात मोकळाच राहत नाही. गर्भाशयात मात्र ते थोडंफार इस्ट्रोजेनसारखंच वागतं, म्हणून पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव दिसला तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

क्रेग जॉर्डन या संशोधकाने (ते २०२४ मध्ये वारले) हे औषध दीर्घकाळ आणि रिसेप्टर बघून द्यावं, असा आग्रह धरला. २०११ मध्ये हजारो रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं की ई. आर. पॉझिटिव्ह बायकांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पहिल्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. आणि ई. आर. निगेटिव्ह असलेल्यांना? फायदा जवळजवळ शून्य.

तिसरी ओळ असते 'हर-२' ची. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं, आणि साधारण १५ ते २० टक्के गाठींत ते बेसुमार तयार होतं. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा गाठी अधिक आक्रमक असतात. १९९८ मध्ये त्या प्रथिनावरच नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब आलं. ई. आर. आणि हर-२ दोन्ही पॉझिटिव्ह असले तर नुसता इस्ट्रोजेनचा कागद अडवून भागत नाही, कारण हर-२ बाहेरून आपला वशिला लावतच असतो.

गोष्ट इथे संपत नाही. काही जणींत वर्षांनुवर्षांच्या उपचारानंतर रिसेप्टरच बदलतो आणि कागदाशिवाय आदेश काढू लागतो. त्यासाठीही नवी औषधं आली आहेत, २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं इलासेस्ट्रंट त्यातलंच. आणि तिन्ही ओळी निगेटिव्ह असलेल्या बायकांची वाट अजूनही अवघड आहे. आपल्या देशात असं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं, हे सांगायलाच हवं.

काही दिवसांनी त्या बाई दुसरं बिल घेऊन आल्या. यावेळी मी त्यांना बसायला सांगितलं. म्हटलं, तुमच्या रिपोर्टातला पॉझिटिव्ह वाईट नाही. तुमच्या गाठीला अडवायची जागा सापडली, एवढाच त्याचा अर्थ. त्या थोडा वेळ रिपोर्टाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणूनच गोळी पाच वर्षं. मी तर बरं वाटतंय म्हणून दोन महिन्यांपूर्वीच थांबवली होती."

फाईल बाजूला ठेवली आणि त्यांना सांगितलं, आज घरी जाण्याआधी डॉक्टरांना भेटा. बिल काय, उद्याही पास होईल.