सिकलसेल आपल्यात टिकला कसा? मलेरिया आणि नैसर्गिक निवडीची गोष्ट

"डॉक्टर, आमच्या घरात आजवर असं कुणालाच नव्हतं. मग बाळालाच का?"

बाळाचा सिकलसेलचा रिपोर्ट हातात घेतलेले आई-वडील हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागोमाग दोषारोप सुरू होतात. "सुनेकडून आलं" असं सासरचे म्हणतात, तर माहेरचे जावयाकडे बोट दाखवतात. या प्रश्नाचं खरं उत्तर हजारो वर्षं मागे जातं. ते समजून घेतलं, तर कुणाला दोष द्यायचं कारण उरत नाही.

सुरुवात शिकागोपासून करू. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण तिथे आजारी पडला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली ही नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, त्यावरून पुढे आजाराचं नाव पडलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. एवढ्याशा बदलाने पेशी कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

आता थोडं वारशाबद्दल. हिमोग्लोबिनचा हा जनुक आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा मिळतो. दोन्ही सामान्य असतील तर 'एए'. एक सामान्य आणि एक सिकलचा असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही सिकलचे असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. त्यामुळे एसएस बाळाला हा जनुक दोघांकडूनही आलेला असतो, एकट्या आईकडून किंवा एकट्या वडिलांकडून नाही.

इथे एक कोडं उभं राहतं. पूर्वी उपचार नव्हते, तेव्हा एसएस मुलं बहुधा लहानपणीच दगावत. प्रत्येक मृत्यूबरोबर सिकलचे दोन जनुक पुढच्या पिढीत जायचे थांबत. मग हा जनुक संपून कसा गेला नाही?

उत्तरासाठी चार्ल्स डार्विन यांच्याकडे वळू. 1859 साली त्यांनी मांडलेला विचार तीन पायऱ्यांत सांगता येतो. एक, एकाच जातीचे सगळे जीव सारखे नसतात. दोन, त्यांच्यातले काही फरक आई-वडिलांकडून मुलांत येतात. तीन, ज्या फरकामुळे त्या परिस्थितीत जगणं आणि मुलंबाळं होणं सोपं जातं, तो फरक पिढ्यानुपिढ्या वाढत जातो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. यात निसर्ग विचार करून कुणाला निवडत नाही, आणि एखादी व्यक्ती हवं म्हणून स्वतःचे जनुक बदलू शकत नाही. बदल आपोआप होतात. ते टिकतील की नाही, हे परिस्थितीवर ठरतं.

1949 मध्ये केनियात वाढलेले अँथनी अ‍ॅलिसन तिथे रक्ताचे नमुने गोळा करत होते. त्यांना दिसलं की किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास सिकलचे वाहक खूप आहेत, पण उंच, थंड भागात फार थोडे. डासांचा आणि मलेरियाचा नकाशाही तसाच होता. त्याच सुमारास जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल अशीच शंका मांडली होती. हेच हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

अ‍ॅलिसन यांनी युगांडात कंपालाजवळच्या 290 मुलांचं रक्त तपासलं. वाहक नसलेल्या 247 मुलांपैकी 113 जणांत मलेरियाचे जंतू सापडले, म्हणजे सुमारे 46 टक्के. 43 वाहकांपैकी मात्र फक्त 12 जणांत, म्हणजे सुमारे 28 टक्के. हे निष्कर्ष 1954 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या अभ्यासांतूनही दिसलं की वाहक मुलांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं.

आता कोडं सुटतं. मलेरियाच्या प्रदेशात एए मुलं मलेरियाने दगावत आणि एसएस मुलं सिकलसेलने. एएस मुलं दोन्हींतून जास्त संख्येने वाचत, मोठी होत आणि तो जनुक पुढे देत. माणसात नैसर्गिक निवडीचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडतं. 'चांगला' किंवा 'वाईट' जनुक असं काही नसतं, हेही यातून कळतं. जिथे मलेरिया नाही तिथे हा फायदा उरत नाही, आजाराचा धोका तेवढा राहतो.

भारतात सिकलसेलची नोंद 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात तो बराच आढळतो. हे भाग मलेरियाचेही जुने भाग आहेत.

मग तुम्ही काय करायचं?

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. बहुतेक वाहक अगदी सामान्य आयुष्य जगतात. पण वाहकालाही मलेरिया होऊ शकतो, म्हणून मच्छरदाणी सोडू नका. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, दोघांनीही तपासणी करून घ्या. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीवर मोठा भर आहे. बाळ एसएस असेल तरी घाबरून जाऊ नका. लसी, हायड्रॉक्सीयुरिया आणि नियमित तपासण्या यांनी आयुष्य खूप सुकर होतं.

आणि घरात कुणी "हे तुझ्यामुळे झालं" असं म्हणालंच, तर त्यांना ही गोष्ट सांगा. ज्या जनुकावरून आज भांडण होतंय, त्यानेच कधीकाळी तुमच्या एखाद्या पूर्वजाला लहानपणी मलेरियातून वाचवलं असेल.