टोन असून नसलेला

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी इंटरनेट सेवेचे दार खाजगी कंपन्यांना उघडले, आणि ५६ केबीपीएस मोडेमचे व्ही.९० हे मानकही त्याच वर्षी ठरले. मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला यांपैकी पहिल्या घटनेची नोंद सहज सापडेल. उरलेल्या दोहोंची खूण गावात शोधणे मात्र कठीण. साहित्याच्या अभ्यासकांनी मोडेमच्या बिघाडात कशाला लक्ष घालावे, असे कोणी विचारील. आमच्या मते त्यातला निदान एक बिघाड मुळात भाषेचा होता.

संगणक चालू आहे, तार जागच्या जागी आहे, रिसीव्हर कानाला लावला तर डायल टोन स्वच्छ ऐकू येतो. तरीही पडद्यावर एरर ६८० उमटते: डायल टोन नाही! माणसाच्या कानाला जे ऐकू येते ते यंत्र साफ नाकारते. मग वायर काढून पुन्हा खोचणे, समांतर जोडलेला फोन काढणे, ड्रायव्हर नव्याने घालणे, हे सारे ओघाने आलेच. कधी दोष खरोखर ओल्या जोडणीत सापडे. पण पुष्कळदा तो तिथे नसेच.

अमेरिकेतील डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ या दोन स्वरांच्या मिश्रणाचा असतो. भारतातील टोन ४०० हर्ट्‌झचा, आणि तोही २५ हर्ट्‌झने कंप पावणारा. ज्या मोडेमला देश कोणता हे सांगितलेलेच नाही, तो आपल्या जन्मभूमीचा स्वर ऐकण्याची वाट पाहत बसतो आणि शेवटी तक्रार करतो. उपाय तसा क्षुल्लक: ‘डायल टोनची वाट पाहा’ या सूचनेपुढची खूण काढायची, किंवा एटीएक्स३ ही आज्ञा द्यायची. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून रूढ झालेल्या या आज्ञांतील ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’, लक्ष दे. एक्स्चेंज जुन्या धाटणीचे असेल तर टोनऐवजी पल्सने क्रमांक फिरवावा लागे. त्यासाठी एटीडीटीच्या जागी एटीडीपी. म्हणजे जे ऐकू येत नाही ते ऐकू नकोस, नुसता क्रमांक फिरव, असे यंत्राला बजावायचे. आम्हांला यात थोडी गंमत वाटते, थोडा विषादही. ज्याला ही आज्ञा ठाऊक नव्हती त्याने दोष आपल्या तारेला दिला, लाइनमनला दिला, किंवा स्वतःच्या अडाणीपणाला. यंत्राचा कान परका आहे, ही शंका सहसा कोणाला आली नाही. देवनागरीचा फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराची जी अगम्य चिन्हे होत, त्यांच्याविषयीही आपण असेच ओशाळलो होतो. असो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात टेलिफोनच्या तारेवर संगणक जोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोगही १९९८ चाच: कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसराचा. सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने गावोगाव संगणक केंद्रे उभी राहिली. उसाचे वजन, बिले, खतांचा हिशेब ही कामे तेथून व्हावयाची होती. संकल्प मोठा होता. तेथे अडचणी केवळ टोनच्या नव्हत्या. वीज, देखभाल आणि तारेचा भरवसा या तिन्हींवर केंद्राचा दिवस अवलंबून असे. गावातला संगणक बंद पडला की शहाणपण तालुक्याहून यावे लागते, आणि तोवर शेतकरी नेहमीच्या वाटेने कारखान्यात जाऊन येतो. इतिहासकार अशा प्रकल्पांची उद्घाटने मोजतात. आम्हांला ‘एरर’च्या पाट्या मोजाव्याशा वाटतात, पण त्यांचे दप्तर कोणी ठेवले?

पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी वारणेच्या सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइल फोन आणि एसएमएस वापरून पाहिले. तीच उसाची माहिती, आता शेतकऱ्याच्या खिशात. मोबाइलला डायल टोन नसतोच. हिरवे बटण दाबण्याआधी तो कोणत्याही टोनची वाट पाहत नाही.