टनांच्या मोजमापाला उत्तर

कृष्णद्रव्याचा शोध म्हणजे खोल खाण आणि टनावारी द्रव, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. तिला आधारही आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो, तेही क्वचितच खूण देणारे कण, टिपले गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या कामात होती. आज अमेरिकेतला ‘लक्स-झेप्लिन’ प्रयोग कृष्णद्रव्यासाठी ७ टन द्रव झेनॉनवर नजर ठेवून आहे. यावरून पूर्वपक्ष असा की यंत्र जितकं अवाढव्य, तितकी आशा अधिक. वर्ध्याच्या विद्यार्थ्याने हे लांबूनच वाचावं.

या युक्तिवादात कण जड आहे हे गृहीतच धरलेलं असतं. आपल्या परिसरात कृष्णद्रव्याची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ३० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मानतात. कण शंभरेक प्रोटॉनांएवढा जड असेल, तर लिटरभर जागेत जेमतेम तीन कण. तिथे टनांना पर्याय नाही, हे मान्य. पण तो एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असेल, तर सेवाग्रामच्या हवेतही दर घन सेंटीमीटरला ३० कोटी! तुटवडा कणांचा नाहीच. हवा तो खोटी खूण न देणारा शोधक.

तो २००१ मध्ये मॉस्कोत घडला: नायोबियम नायट्राइडची, काही नॅनोमीटर जाडीची अतिसंवाहक तार. अतिथंड तारेतला प्रवाह तिच्या सहनमर्यादेच्या किंचित खाली ठेवतात. एकच फोटॉन पडला की तेवढ्या जागी अतिसंवाहकता मोडते, रोध उपजतो, विद्युतस्पंद मिळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लॅम्पोस्ट’ प्रयोगात सिलिकॉन आणि सिलिकाच्या थरांतून डार्क फोटॉन या कृष्णद्रव्याच्या संभाव्य हलक्या कणाचा साधा फोटॉन होतो का, हे याच तत्त्वावर चालणाऱ्या अतिसंवाहक तारेने १८० तास पाहिलं. अंधारातल्या खोट्या स्पंदांचा दर? सुमारे ४६ तासांत एक.

कण सापडला नाही, म्हणून कष्ट वाया गेले असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं: ०.७ ते ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात आधीची मर्यादा जवळपास दुपटीने कडक झाली. पट्टा अरुंद आहे, हा आक्षेप मात्र खरा.

आणि हे ज्ञान परकं नाही. कुलाब्यात, टाटा संस्थेत, प्रताप रायचौधुरींच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांत अव्यवस्था वाढवत नेली की अतिसंवाहकता कशी ढासळते, हे वर्षानुवर्षं तपासलं. ते शोधक घडवत नव्हते. पण खोटे स्पंद अशा तारांतल्या चुंबकीय भोवऱ्यांतूनही उठतात असं मानलं जातं, आणि त्यांचा माग काढायला खाण लागत नाही; शीतकपाट, पातळ थर आणि चिकाटीचे विद्यार्थी लागतात.