दिशाकाक

गेल्या माघांत कांहीं दिवस खारेपाटणास बहिणीच्या घरीं राहण्याचा योग आला. जुन्या बाजारपेठेच्या मागें, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर तिचें घर आहे. त्या घरांत आमच्या आधीं दोन दिवस एक नवा पाहुणा येऊन राहिला होता. बाजारांत ह्या जातीच्या पांखरांस सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वस्तुतः तो ऑस्ट्रेलियांतील बजरीगर, चिमणीहून किंचित् लांब असा हिरवा-पिवळा पोपट. आपल्या रानांतला पोपट किंवा मैना पिंजऱ्यांत ठेवणें आतां कायद्यानें वर्ज्य आहे, आणि तें योग्यच आहे. म्हणून हौशी लोक ह्या पिंजऱ्यांतच जन्मलेल्या परदेशी पांखरांकडे वळले आहेत.

आमची नऊ वर्षांची भाची त्या पिंजऱ्यापुढून हालत नसे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं तिला त्याची दया आली. तिनें शहाणपणानें खोलीच्या दारें-खिडक्या लावून घेतल्या आणि मग पिंजऱ्याचें दार उघडलें. कौलांखालचा झरोका मात्र कोणाच्याच ध्यानांत नव्हता. पांखरूं क्षणभर कपाटावर बसलें, मग त्यानें खोलीभर दोन घिरट्या घातल्या, आणि पाहतां पाहतां तें परसांतील फणसाच्या शेंड्यावर जाऊन बसलें.

मग घरांत जो गोंधळ उडाला त्याचें वर्णन करण्याचें कारण नाहीं; ज्यांच्या घरीं पांखरूं आहे त्यांस तो ठाऊक असेल. कोणी शिडी आणली, कोणी पंचा घेऊन धांवलें, शेजारचा मुलगा काठी घेऊन आला. ह्या आरडाओरड्यानें भ्यालेलें पांखरूं फणसावरून पोफळीवर आणि पोफळीवरून शेजारच्या कौलांवर गेलें. तेथें दोन कावळ्यांनीं त्याचा पाठलाग आरंभिला, आणि तें दिसेनासें झालें. भाचीनें आमचा हात धरून विचारलें, “मामा, तो परत येतलो ना?”

‘येईल’ असें आम्हीं म्हटलें खरें. परंतु सोडलेलें पांखरूं कां परत येतें आणि केव्हां येत नाहीं, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. एके काळीं तो केवळ मुलांच्या खेळाचा नव्हता, समुद्रावर जाणाऱ्या माणसांच्या जिवाचा होता. आणि खारेपाटण हें समुद्रावर जाणाऱ्यांचेंच गांव होतें.

आज येथें येणारा मनुष्य मुंबई-गोवा महामार्गानें येतो, आणि हें मोठें बंदर होतें असें त्यास सांगितलें तर त्याचा विश्वास बसत नाहीं. विजयदुर्गाच्या मुखापासून खाडी सुमारें पंचवीस मैल आंत येते. गाळानें ती उथळ होत गेली आणि मोठीं गलबतें येईनाशीं झालीं. गांवाजवळच्या नदीस लोक ‘शुक’ म्हणतात. ‘सुख’ असाहि उच्चार कानीं पडतो. पोपटाच्या शोधांत कांठानें हिंडतांना हें नांव ऐकून आम्हांस, प्रसंग हंसण्याचा नसतांहि, हंसूं आलें.

ह्या गांवीं शिलाहार राजा रट्टराज ह्याचा शके ९३० चा (इ. स. १००८) ताम्रपट सांपडला. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं तो प्रथम प्रसिद्ध केला. त्यांचें पोंभुर्लें गांव येथून फार दूर नाहीं. घरच्या अंगणांतील लेख घरच्याच माणसानें वाचावा असा हा योग. पुढें कीलहॉर्न ह्यांनीं त्याचें पुनः संपादन केलें. त्यांत दक्षिण कोंकणच्या शिलाहारांच्या दहा पिढ्या दिल्या आहेत. धम्मियर नामक पूर्वजानें बलिपत्तन वसविलें असें त्यांत सांगितलें आहे. तें बलिपत्तन म्हणजे हेंच खारेपाटण असें मानणारे अभ्यासक आहेत. परंतु आमच्या विषयास महत्त्वाचें आहे तें त्यांतील दान. अव्वेश्वराच्या पूजेसाठीं तीन गांव देऊन राजानें बंदराच्या उत्पन्नांतूनहि भाग लावून दिला: परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें सोन्याचा एक गद्याणक, आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या जहाजामागें सोन्याचें एक धरण. चेमूल्य म्हणजे चौल, व चंद्रपूर म्हणजे गोव्यांतील चांदर, एवढीं दोन ठिकाणें मात्र वगळलीं. येथेंच सांपडलेल्या अनंतदेवाच्या शके १०१६ च्या पटांत भाभण व धणम ह्या दोन श्रेष्ठींच्या जहाजांस ठाणें, सोपारें, चौल इत्यादि बंदरांतील जकात माफ केली आहे. जेथें परदेशच्या जहाजांच्या सोन्यावर देवाची पूजा चाले, तेथील लोकांस किनारा दृष्टीआड होणें म्हणजे काय, हें सांगावें लागत नसेल. (शिलाहारांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे, आणि गरुडापुढें स्वतःचा देह ठेवणाऱ्या जीमूतवाहनाचे आपण वंशज असें ते म्हणवीत, तेव्हां पक्ष्यांचा विषय ह्या घराण्यास परका नव्हता.)

ह्या पटांत कावळ्याचें नांव नाहीं. त्यासाठीं आणखी मागें, पाली ग्रंथांकडे जावें लागतें. दीघनिकायांतील केवट्टसुत्तांत असें आलें आहे कीं, समुद्रावर जाणारे व्यापारी बरोबर एक ‘तीरदर्शी’ पक्षी घेत. किनारा दिसेनासा झाला म्हणजे त्याला सोडून देत. तो चारी दिशांस व उपदिशांस जाऊन पाही, उंच चढून पाही; जमीन दिसली तर तिकडे निघून जाई, न दिसली तर जहाजावर परत येई. ज्या प्रसंगीं हा दृष्टांत येतो तो प्रसंगहि मोठा गमतीचा आहे. महाभूतें निःशेष कोठें लय पावतात, हा प्रश्न घेऊन एक भिक्षु एकामागून एक देवलोक चढत थेट महाब्रह्म्यापर्यंत गेला. ब्रह्म्यानें प्रथम आपल्या थोरवीचा पाढा वाचला. भिक्षु हटेना तेव्हां त्यास हाताला धरून बाजूस नेलें, आणि आपणासहि हें ठाऊक नाहीं, परंतु देवमंडळीसमोर तसें सांगवत नव्हतें, अशी कबुली दिली. भिक्षु मुकाट्यानें बुद्धाकडे परतला. जमीन न सांपडलेला पक्षी तो हा.

बावेरु जातकांत ह्या पक्ष्यास ‘दिशाकाक’ असें नांव आहे. बावेरु म्हणजे बाबिलोन असें विद्वान् मानतात. त्या देशांत पक्षी नव्हते, म्हणून व्यापाऱ्यांचा हा कावळा तेथील लोकांनीं शंभर कार्षापण देऊन घेतला व त्यास मांस आणि फळें चारलीं. पुढच्या खेपेस मोर आला, त्यास हजार पडले, आणि कावळा उकिरड्यावर गेला. गुणाची किंमत ठरविण्याची ही रीति पुष्कळ बाजारांत अद्याप चालू आहे.

ही युक्ति एकट्या आमच्या देशाची नव्हे. सिंहलद्वीपाचे खलाशी पक्षी बरोबर नेतात व ते ज्या दिशेस उडतील तिकडे जहाज वळवितात, असें रोमचा प्लिनी पहिल्या शतकांत लिहितो. नवव्या शतकांत आइसलंडच्या शोधांत निघालेल्या फ्लोकीनें तीन डोंबकावळे नेले होते. पहिला मागच्या बेटांकडे परत उडाला, दुसरा हवेंत चढून जहाजावर आला, तिसरा सरळ पुढें गेला आणि तिकडे जमीन सांपडली. बाबिलोनच्या गिलगमेश काव्यांतील जलप्रलयांत कबुतर, पाकोळी व डोंबकावळा अशीं तीन पांखरें सोडलीं आहेत, आणि नोहाची कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे.

आमच्या कवींनीं मात्र ह्या पक्ष्याचा अर्धाच भाग उचलला. केरळच्या कुलशेखर आळवारानें, आणि अनेक शतकांनंतर व्रजभाषेंत सूरदासानें, भक्ताचें मन देवाकडे फिरून येतें त्यास जहाजाच्या पक्ष्याची उपमा दिली. उपमा सुंदर आहे, पण ती डोलकाठीखालीं उभ्या असलेल्या तांडेलाची नाहीं. पक्षी परत आला म्हणजे कवीस आनंद होतो. तांडेलाचें काळीज तेव्हां खचत असेल. त्यास हवा असतो तो परत न येणारा पक्षी. आणि येणारा पक्षी कांहीं प्रेमानें येत नाहीं. पाण्यावर त्याला बसावयास दुसरें ठिकाण नसतें, एवढेंच.

ही गोष्ट ज्यांनीं पुरती ओळखली होती ते ससाणे पाळणारे लोक होत. खारेपाटणचा रट्टराज कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक. त्याच चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर ह्यानें पुढें शके १०५१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत गजानन श्रीगोंदेकर ह्यांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘श्येनविनोद’ असें एक प्रकरण आहे. कुमाऊंच्या रुद्रदेवाचें ‘श्यैनिकशास्त्र’ तर सबंध ह्याच विद्येवर आहे. हरप्रसाद शास्त्री ह्यांनीं तें १९१० सालीं कलकत्त्यास छापविलें. युरोपांत तेराव्या शतकांत सम्राट् दुसऱ्या फ्रेडरिकनें ह्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ससाण्याच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी अरबांकडून घेतली.

ह्या विद्येंतील मुख्य कृति सर्व देशांत जवळजवळ सारखीच. नव्यानें धरलेल्या पक्ष्याचे डोळे झांकावयाचे. पूर्वीं पापण्या दोऱ्यानें शिवीत, हें वाचतांना अंगावर कांटा येतो. त्यास हातावर बसवून रात्रंदिवस माणसाच्या आवाजाची संवय लावावयाची. अन्न हातावरच द्यावयाचें, अन्यत्र नाहीं. मग पायास लांब, बारीक दोरी बांधून थोड्या अंतरावर ठेवावें आणि मांस दाखवून बोलवावें. अंतर रोज वाढवावें. एके दिवशीं दोरी सोडावी. त्या दिवशीं पक्ष्याचें पोट भरलेलें असतां कामा नये. पोट भरलेला ससाणा झाडावर बसून धन्याकडे शांतपणें पाहत राहतो; त्या क्षणीं धनी, शीळ आणि महिन्यांची मेहनत ह्यांची किंमत त्याच्या लेखीं शून्य असते. ससाणा माणसाकडे येत नाहीं, हातावरच्या घासाकडे येतो.

कबुतराची गोष्ट निराळी, कारण त्यास घराची खरी ओढ असते. पण तीहि ढाबळीची ओढ, धन्याची नव्हे; म्हणून नवें कबुतर कित्येक दिवस कोंडून, ढाबळ अंगवळणीं पडल्यावरच सोडतात. अकबराच्या दरबारीं वीस हजारांवर कबुतरें असून त्यांतील पांचशें खास होतीं, असें अबुल फज्ल लिहितो. छावणी हालली म्हणजे भोई त्यांचीं घरें उचलून चालत, आणि कबुतरें त्या घरांमागें येत. एवढा बादशहा खरा, पण कबुतरांनीं मागें यावें म्हणून त्यासहि त्यांचें घर उचलावें लागलें. त्याचा पणजा उमर शेख ह्याचा अंत तर १४९४ सालीं ढाबळीसकट दरींत कोसळून झाला, आणि बाबर बालवयांत गादीवर आला.

आतां आमच्या बजरीगराकडे वळूं. त्याला ढाबळीची ओढ असण्याचें कारण नव्हतें. दोन दिवसांत कसलें घर होणार? मूळ देशींहि ही जात एका ठिकाणीं राहत नाहीं. पाणी व गवताचें बीं जिकडे, तिकडे थवेच्या थवे जातात. जॉन गूल्डनें १८४० सालीं हीं पांखरें जिवंत इंग्लंडांत नेलीं, आणि तेव्हांपासून असंख्य पिढ्या पिंजऱ्यांतच निपजल्या. कोंकणांतील कोणतें बीं खाण्याजोगें, कोणत्या झाडावर साप, हें त्याला कोण शिकविणार? रानपोपट सुटला तर तो किनाऱ्यास लागला असें म्हणतां येईल. ह्याला मात्र खारेपाटणचें सारें हिरवें रान म्हणजे किनारा नसलेला समुद्रच.

दुपारीं बहिणीच्या वृद्ध सासऱ्यांनीं काठीवाल्यांस हांकून लावलें. “भूक लागली काय येतलो. सगळ्यांनी आधी भुतूर चला,” एवढेंच ते बोलले. त्यांनीं ‘श्येनविनोद’ वाचलेला नव्हता. पिंजरा त्यांनीं ओटीबाहेर, फणसावरून दिसेल असा टांगला, दार उघडें बांधून ठेवलें आणि वाटींत राळे घातले. संध्याकाळपर्यंत कोणी आलें नाहीं. एकदां दूर बांबूच्या बेटांतून त्याचा आवाज आल्यासारखा वाटला. रात्रीं थंडी बरीच पडली. भाची जेवली नाहीं, आणि तिची समजूत घालण्यास आमच्याजवळ प्लिनी व अबुल फज्ल ह्यांखेरीज कांहीं नव्हतें.

उजाडतांना ती आम्हांस उठवावयास आली. पांखरूं पिंजऱ्याच्या माथ्यावर बसलें होतें. शेपटीचीं दोन पिसें गेलीं होतीं. कोणी हाललें नाहीं. बऱ्याच वेळानें तें दारावर उतरलें, मान आंत घातली, बाहेर काढली, आणि अखेर वाटीवर जाऊन खाऊं लागलें. तिनें हळूच दार लावलें.

त्या दिवशीं झरोक्यास जाळी बसली, आणि महिनाभर त्याला बाहेर काढावयाचें नाहीं असें ठरलें. दुपारीं आम्हीं तिला दिशाकाकाची गोष्ट सांगितली. ती सगळी ऐकून घेतल्यावर तिनें विचारलें, ज्या कावळ्याला जमीन दिसली त्याचें पुढें काय झालें? जहाज तेथें पोंचल्यावर लोकांनीं त्याला शोधला काय? ग्रंथांत तो गेला एवढेंच आहे, असें आम्हीं सांगितलें.