पावलाला वळण : इग्नासिओ पोन्सेती

‘ऑर्थोपेडिक्स’ म्हटले की आज मोडलेले हाड, शस्त्रक्रियागृह आणि धातूच्या पट्ट्या आठवतात. शब्दाच्या पोटात मात्र मूल दडले आहे. 1741 मध्ये निकोलास आँद्री या फ्रेंच वैद्याने ग्रीक ‘ऑर्थोस’ (सरळ) आणि ‘पाइडिऑन’ (मूल) यांची सांधणी करून तो घडवला. मुलांच्या शरीरातील व्यंगे कशी टाळावीत आणि कशी सुधारावीत, हा त्याच्या ग्रंथाचा विषय होता. बाल-अस्थिरोगशास्त्र ही आज मोठ्या शास्त्राची एक शाखा मानली जाते. शब्दाच्या इतिहासात मात्र तेच मूळ आहे.

या शाखेतील एक जुने कोडे म्हणजे क्लबफूट : जन्मतःच आत आणि खाली वळलेले पाऊल. साहित्याच्या अभ्यासकाला ते फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’मुळे (1857) परिचित असते. टाचेमागील कंडरा त्वचेखालून छेदण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत श्ट्रोमायरने 1831 मध्ये केली होती. कादंबरीतला औषधविक्रेता ओमे अशा उपचाराची स्तुती वाचतो आणि शार्ल बोव्हारीला भरीस घालतो. खानावळीतला इपोलित अखेर पायच गमावतो. हा प्रसंग आपण शार्लच्या अकुशलतेचा म्हणून शिकवतो. परंतु तो घाईचाही आहे. पाऊल सरळ झालेले सर्वांना लगेच दिसावे, अशी ती घाई आहे. वास्तवातल्या वैद्यकातही ती पुढे दीर्घकाळ टिकली. तिला उत्तर दिले इग्नासिओ पोन्सेती यांनी.

पोन्सेती यांचा जन्म 1914 मध्ये स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. वडील घड्याळे दुरुस्त करीत. मुलगाही त्या दुकानात काम करीत असे. बार्सिलोनात वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले ते 1936 मध्ये, यादवी युद्धाच्या अगदी उंबरठ्यावर. प्रजासत्ताकाच्या सैन्यात जखमींची मोडलेली हाडे सांधणे हे त्यांचे पहिले खरे प्रशिक्षण. 1939 मध्ये पराभव अटळ झाला, तेव्हा जखमींना खेचरांवरून पिरेनीज पर्वतापलीकडे फ्रान्समध्ये नेऊन तेही निर्वासित झाले. त्यानंतर मेक्सिकोतील एका लहान गावात सुमारे दोन वर्षे साधी वैद्यकी केली. 1941 मध्ये ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात आर्थर स्टाइंडलर यांच्या हाताखाली अस्थिशल्यविद्या शिकण्यासाठी आले आणि पुढे तिथेच अध्यापक झाले.

स्टाइंडलरनी त्यांना एक काम दिले : पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांचे पुढे काय झाले, ते पाहणे. ज्या पावलांवर यशाचा शिक्का बसला होता, ती पुढे ताठर, दुबळी आणि दुखरी झालेली आढळली. आपल्याच विभागाची जुनी कामगिरी अशी तपासणे कोणत्याही संस्थेत सोपे नसते. साहित्याच्या विभागांतही नसते. पोन्सेतींच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया या तपासणीत आहे.

मृत जन्मलेल्या अर्भकांच्या पावलांचे विच्छेदन करून त्यांनी सांध्यांची हालचाल समजून घेतली. प्लॅस्टरने पाऊल सुधारण्याची पद्धत आधीही होती. अटलांटाचे काइट हे तिचे मोठे पुरस्कर्ते. पण त्यांच्या रीतीत अंगठ्याचा दाब पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर पडे आणि टाचेचे हाड वळायचे अडून राही. पोन्सेतींनी टेकू बदलला. घोट्यातील हाडाचे डोके अंगठ्याने स्थिर धरायचे, टाचेला हात लावायचा नाही आणि उरलेले पाऊल त्या डोक्याभोवती हलकेच बाहेर फिरवायचे. मग मांडीपर्यंत प्लॅस्टर. दर आठवड्याला ते बदलायचे, आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक वळण. पाच ते सात प्लॅस्टरांत पाऊल बहुधा वळते. बहुतेक बाळांत शेवटी टाचेमागील कंडरा छेदावी लागते : इपोलितवर झालेली तीच क्रिया, परंतु योग्य क्षणी आणि आधीच्या संथ तयारीनंतर. त्यानंतर बूट जोडलेली पट्टी : सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, नंतर वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत झोपेत.

1963 मध्ये या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दखल फारशी कोणी घेतली नाही. 1971 मध्ये टर्को यांनी एकाच बैठकीत सांध्यांभोवतीच्या ऊती मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि व्यवसायाचा ओढा तिकडे गेला. कारण समजण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेत कौशल्य दिसते, तिची फलश्रुती त्याच दिवशी छायाचित्रात मावते. पोन्सेतींचे कौशल्य बोटांच्या दाबात होते. ते निबंधात उतरवणे कठीण आणि वरवर वाचणाऱ्याला ते काइटसारखेच वाटण्याजोगे. बारीक फरकातच सारा अर्थ सामावलेला असेल, तर तो धावत्या वाचनात हरवतो, हे आपल्याला कवितेच्या तासाला रोज जाणवते. त्यांच्या पत्नी हेलेना पेर्कास सर्व्हान्तेसच्या अभ्यासक आणि साहित्याच्या प्राध्यापक होत्या, हा निव्वळ योगायोग. तरी सांगावासा वाटतो.

निकाल अखेर काळाने दिला. 1995 मध्ये कूपर आणि डीट्झ यांनी आयोवातील जुन्या रुग्णांची सरासरी 34 वर्षांच्या वयात तपासणी केली. 78 टक्क्यांची पावले उत्तम किंवा चांगली होती; जन्मजात व्यंग नसलेल्या तुलनेच्या गटात हे प्रमाण 85 टक्के होते. 1996 मध्ये पोन्सेतींचा ग्रंथ आला. त्यानंतर इंटरनेटवर एकमेकांना भेटलेल्या आईवडिलांनी ही पद्धत मागायला सुरुवात केली आणि सर्जनांना ती शिकावी लागली. 1984 मध्ये निवृत्त झालेले पोन्सेती पुन्हा कामावर आले होते. नव्वदी उलटल्यावरही ते बाळांची पावले हाताळत आणि इतरांना शिकवत होते. 2009 मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या जन्मजात व्यंगांत क्लबफूटचा समावेश आहे. या उपचाराला मोठे शस्त्रक्रियागृह लागत नाही, ही गरीब देशासाठी मोठी गोष्ट. मात्र दर आठवड्याला बाळाला घेऊन येणे आणि ते रडले तरी रात्री पट्टी बांधणे घरच्यांनाच करावे लागते. ती सोडली तर पाऊल पुन्हा वळते. म्हणून बाल-अस्थिशल्यविशारदाला आईवडिलांशी बोलताही यावे लागते. आणि आपण केलेले काम यशस्वी ठरले की नाही, हे कळायला ते मूल मोठे होऊन स्वतःच्या पायांवर काही दशके चालेपर्यंत थांबावे लागते. पोन्सेती तसे थांबले. त्यांच्या विद्येचा अवघड भाग मला तोच वाटतो.