एकुलत्या मुलाचे छायाचित्र आणि नगरचा भुईकोट

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात (डोंगराचा आधार नसल्याने खंदकाच्या भरवशावर सपाट जमिनीवर उभारलेल्या कोटात) ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या काळात स्थानबद्ध असलेले जवाहरलाल नेहरू वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत घरातले एकुलते एक मूल होते आणि पुढे एकुलत्या एका मुलीचे वडील झाले, ही गोष्ट त्यांच्या नगरच्या बंदिवासाविषयी लिहिताना सहसा मागेच राहते.

नेहरू घराण्याची जुनी छायाचित्रे मात्र ती पुढे आणतात. वडील मोतीलाल आणि आई स्वरूपराणी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या छोट्या जवाहरच्या चित्रात घराचा डौल दिसतो, पण खेळगडी कुठेच दिसत नाही. बालपणीचा हा एकटेपणा त्यांनी स्वतःच १९३४-३५ मध्ये तुरुंगात लिहिलेल्या आत्मचरित्राच्या आरंभी मोकळेपणाने मांडला आहे, म्हणून त्या चित्रातील रिकामी जागा पाहणाऱ्याच्या कल्पनेचा खेळ ठरत नाही.

नेहरूंची मुलगी इंदिरा हिच्या बाबतीत हा एकटेपणा अधिक जाणवतो. दिल्लीत १९२४ च्या सप्टेंबरमध्ये उपोषण करणाऱ्या गांधीजींच्या शेजारी बसलेल्या या सहा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. राष्ट्रीय चळवळीचा दस्तऐवज म्हणून ते छापले जाते, परंतु त्याच नोव्हेंबरात तिचा धाकटा भाऊ जन्मून अवघ्या काही दिवसांत दगावला, हे ध्यानात घेऊन पाहिले तर मोठ्यांच्या जगात एकट्याच बसलेल्या मुलीचेही ते चित्र आहे. वडील वारंवार तुरुंगात असल्याने १९३१ ते १९३४ या काळात ती पुण्यात वकील आडनावाच्या दांपत्याच्या ‘प्यूपिल्स ओन स्कूल’मध्ये शिकली.

नगरच्या किल्ल्यात एकटेपणाची ही परंपरा विलक्षण रीतीने पुढे चालू राहिली. सप्टेंबर १९४२ ते मे १९४३ या महिन्यांत वडील नगरला आणि मुलगी नैनीच्या तुरुंगात होती. कॅमेरा पोहोचू शकत नव्हता अशा या काळात छायाचित्रांचे काम पत्रांनी केले. ही पत्रे सरकारी तपासणीतून जात, त्यामुळे त्यांत जिव्हाळा असला तरी मोकळीक बेताचीच होती. २० ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत इंदिरेचा मुलगा राजीव याचा जन्म झाला, तेव्हा आजोबा नगरच्या कोटातच होते आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हाती घेतलेला त्यांचा ग्रंथ अजून लिहून पूर्ण व्हायचा होता.